दुसऱ्या पाण्याची कॉफी

नवागाम, सुरत
९ मार्च २०२५

भाऊ,

मागच्या पत्रात एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की आबांचं बोट मागांच्या खात्याच्या शटरखाली सापडलं. शटर नव्हतं, माग होता. चालू मागात हात पुढे राहिला आणि धागा ठोकणारी फणी येऊन बोटावर बसली. उजव्या हाताचं मधलं बोट. वरचं पेर गेलं. शटरची गोष्ट आबांनी आधी खात्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरांना सांगितली, मग दवाखान्यात, मग मायला, आणि मी ती तुला तशीच लिहून पाठवली. काल खात्यातले निंबाकाका आबांना बघायला आले आणि चहा पिता पिता बोलून गेले, "तीस वरीस मागवर उभा ऱ्हायना लोटू, आनि फणीमा हात कसा काय गया?"

माय ओट्यापाशी होती. तिने वळून आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "निंबा, चहा थंडा व्हई राहिना."

एवढंच.

तू फोन उचलत नाहीस म्हणून मी पत्रं लिहिते. पत्ता तू पहिल्यांदा कॉफी पाठवलीस त्या पाकिटावरचा आहे, पुण्यातल्या तुझ्या कॅफेचा. तो अजून तुझा आहे की नाही, मला माहीत नाही. नसला तर ही पत्रं कोण उघडत असेल, याची भीती वाटते. तरी लिहिते. आणि लिहिते म्हणजे नीट लिहिलं पाहिजे. आपल्या दोघांना अक्षरं आबांनी शिकवली, शाळेत नाव घालायच्या आधी, ताग्यावर खूण करायच्या खडूने, याच फरशीवर. शाळेत मग गुजराती आलं, पण मराठी आपल्याकडे जेवढी आहे तेवढी आबांची आहे. अक्षर चुकलं की ते पुढचं लिहू द्यायचे नाहीत. म्हणायचे, धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, मग पुढे जायचं. तसंच विणत गेलं तर तो दोष ताग्याच्या शेवटापर्यंत जातो. तू कंटाळून खडू फेकायचास. मी पुसून पुन्हा लिहायची.

त्या दिवशी त्यांनी माग थांबवला नव्हता. निंबाकाकांना न समजणारी गोष्ट हीच आहे.

बाकी ठीक. पट्टी बांधलेल्या हाताने आबा चौथ्या दिवशी कामावर गेले. माय बोलत नाही फारशी. मी मार्केटमधल्या साडीच्या दुकानात तीच नोकरी करते, पार्सलं बांधायची आणि कम्प्युटरवर पत्ते चढवायचे.

कॉफी अजून करते. तू फोनवर सांगितलं होतंस तशीच. बिया मिक्सरमध्ये थोड्या थोड्या फिरवायच्या, रव्याएवढ्या जाड ठेवायच्या. पीठ झालं तर पाणी गढूळ होतं. स्टीलच्या डब्यात थंड पाणी ओतायचं, एकदाच हलवायचं, झाकायचं, आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी गाळायची. गाळायला मी आबांनी आणलेलं कोरं कापड वापरते. त्यातली खळ जाईपर्यंत ते मी इतक्या वेळा उकळलं की माय म्हणाली, कापड शिजलं आता, ताटात वाढ. एक मात्र तिला अजून पटत नाही. तू म्हणाला होतास, फडकं पिळायचं नाही, कडू होतं, आपोआप गळू दे. माय जाता येता त्याला एक पीळ देतेच. तिच्या मते न पिळलेलं फडकं म्हणजे फुकट घालवलेला माल.

मी ती माझ्यासाठी आणि दुकानातल्या मुलींसाठी करत होते. आबांनी कधी घ्यायला सुरुवात केली, ते मी तुला लिहिलं नव्हतं. तू गेलास त्यानंतर. दिवाळीनंतर त्यांचा ओव्हरटाइम वाढला. रात्रपाळी संपली तरी दुपारच्या जेवणापर्यंत ते खात्यातच थांबायचे. दिवसपाळी असली तर रात्री उशिरापर्यंत. चहाने भागेना. एक दिवस त्यांनी फ्रीजमधली माझी बाटली उघडली, वास घेतला, आणि डब्याच्या पिशवीत टाकली.

मी म्हणाले, "आबा, ती दाट असते. निम्मं पाणी घालून प्यायची."

ते म्हणाले, "पानी टाकाले मी काय दूधवाला से का?"

मी खूप समजावलं. तू सांगितलं होतंस तसं सांगितलं की हा नुसता अर्क आहे, तो पातळ करूनच पितात, कॅफेतही. त्यांना ते पटलंच नाही. पोरीने रात्रभर भिजवून केलेल्या वस्तूत पाणी घालायचं, म्हणजे त्यांना तिचा अपमान वाटतो. खात्यात ते सगळ्यांना सांगतात, माझी पोर पातळ काम करत नाही.

आबांना त्या दिवशी मागावर झोप कशी लागली, ते मला माहीत नाही.

योगिता


नवागाम, सुरत
२३ मार्च २०२५

भाऊ,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ तू वाचली असशील. तिच्याबद्दल नंतर लिहीन. आज दुसरं सांगायचं आहे.

पट्टी बदलायला आबांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर तरुण होते, गुजराती. पट्टी सोडता सोडता त्यांनी मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. मग घड्याळाकडे बघितलं.

"काका, शुं पीओ छो?"

"चाय."

"बीजुं कंई? दारू, तमाकू?"

"माळ से मन्हा गळामा," आबा त्यांना अहिराणीतच म्हणाले आणि गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. डॉक्टर हसले. मग म्हणाले, ठोके बरोबर पडत नाहीत, मध्येच एक चुकतो, मग दोन धावत येतात. समोरच्या खोलीत छातीची पट्टी, ईसीजी, काढून घ्या.

मी तिथेच उभी होते. बाटलीचं नाव माझ्या तोंडात आलं होतं. आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही, तरी मी बोलले नाही.

बाहेर आल्यावर ते समोरच्या खोलीकडे वळलेच नाहीत. "बोट दखाडाले गयथू, छाती काबर दखाडू?" म्हणाले, आणि रिक्षावाल्याला हात केला. तुटलेल्या बोटाचाच हात. रिक्षावाला दचकला, त्यावरही ते हसले.

मला ठोक्यांचं आधीपासून माहीत होतं, हे लिहायला हवं. जानेवारीपासून. दुपारी ते घरी येऊन आडवे होतात, पण झोपत नाहीत. डोळे मिटलेले असतात आणि बनियनच्या आत डाव्या बाजूला काहीतरी उडताना दिसतं. एकदा मी शर्टाचं बटण लावायला सुई-दोरा त्यांच्याकडे दिला, कारण दोरा ओवावा तर आबांनीच. त्यांना ओवता आला नाही. बोटं सगळी शाबूत होती तेव्हा. त्यांनी सुई परत दिली आणि म्हणाले, सुईचं भोक बारीक आहे.

खात्याचे मास्तर परवा स्कूटरवरून घरी आले होते. बोटाची चौकशी करायला आले असं माय समजली आणि तिने त्यांना बिस्किटं दिली. त्यांनी ती खाल्ली आणि म्हणाले, "लोटूभाई, छोकरीनी कॉफी तो जबरी छे. निंबो पण पीए छे, हवे झोकुं नथी खातो." मग माझ्याकडे वळून, "बेन, मोटी बाटली भरी आप ने. बधा माटे. हुं कॉफी लावी आपीश."

सगळ्यांसाठी. म्हणजे कुणाला डुलकी येऊ नये. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, मागाला तेल घालावं तसं ते बोलत होते.

मी म्हणाले, मिक्सर बिघडला आहे. मिक्सर चांगला आहे. हे खोटं मी बोलले, तुला सांगून ठेवते. मास्तर गेल्यावर आबा बराच वेळ मिक्सरकडे बघत बसले होते.

तुझं काम कसं चाललं आहे? तुमच्याकडे लोक खरंच तेवढी महाग कॉफी निम्मी टाकून उठून जातात का? तू एकदा म्हणाला होतास. मायला मी ते सांगितलं तेव्हा तिला वाटलं, मी तुझी चेष्टा करते आहे.

योगिता


नवागाम, सुरत
६ एप्रिल २०२५

भाऊ,

तुझं पाकीट मिळालं. म्हणजे पत्ता बरोबर आहे. म्हणजे तू पत्रं वाचतोस.

आत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट दोनदा झटकलं, मग कात्रीने उभं कापून आतून बघितलं. नुसती कॉफी. आधीच्यापेक्षा काळी भाजलेली, बिया तेलकट. वास इतका की शेजारच्या वत्सलाकाकू विचारायला आल्या, काय जळतंय.

आता शेवटच्या ओळीची दुरुस्ती. मी लिहिलं होतं की आबांना झोप कशी लागली ते मला माहीत नाही. मला माहीत आहे.

त्या छातीतल्या उडण्याची मला भीती बसली होती. सांगून ते ऐकत नव्हते, म्हणून त्या दिवशी मी बाटलीत पहिलं पाणी भरलंच नाही. गाळून उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून ठेवलं होतं, ते दुसरं पाणी भरलं. रंग तसाच काळा येतो. वासही थोडा राहतो. जोर नसतो. मला वाटलं, चार दिवस असं करू, छाती शांत होईल, त्यांना कळणारही नाही. ते संध्याकाळी बाटली घेऊन गेले. रात्र कशीबशी काढली असेल. सकाळी ओव्हरटाइमच्या वेळेला उभ्या उभ्या डोळा लागला आणि फणी आली.

म्हणून आता असं आहे. पहिलं पाणी भरलं तर छाती. दुसरं भरलं तर हात. रोज संध्याकाळी बाटलीचं बूच हातात धरून मी उभी राहते आणि मला दोन्हींतलं एक निवडायचं असतं. बोट गेल्यापासून मी पहिलंच भरते. थोडं पाणी घालून बघितलं एकदा. आबांनी दारातच घोट घेतला, बाटली माझ्या हातात परत दिली आणि बूट घालून शांत उभे राहिले. मी ती ओतून दुसरी भरून दिली.

तेव्हा मला कळलं की त्यांना त्या दिवशीचंही कळलं होतं. मी विचारलं. ते म्हणाले, "तुले काय वाटनं, माले समजाव नही? मन्ही जीभ से ना अजून."

"मग शटरचं का सांगितलं?"

"निंबा बी तीच बाटली पेस," ते म्हणाले. "मास्तरनी इचारं असतं, आज काबर झोप लागनी? मंग तुन्हं नाव निंघतं."

तर ते खोटं मास्तरांसाठी नव्हतं, भाऊ. ते माझ्यासाठी होतं. मी त्यांना म्हणाले, ओव्हरटाइम सोडा, मी सगळी कॉफी मोरीत ओतते आणि आपण दोघं झोपू. तुझं पाकीट तिथेच पडलं होतं. त्यांनी ते उचललं, नाकाशी धरलं. इतक्या दिवसांत मी त्यांचा चेहरा असा बघितला नव्हता.

"पोऱ्यानी धाडी," ते मायला म्हणाले. "येईच तो आखाजीले."

माय रडायला लागली. मला आधी वाटलं, आनंदाने. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगा ना तिले आता. कितला दिन लपाडशात?"

ओव्हरटाइम नाहीच तो. मास्तरांच्या हिशोबात तो ओव्हरटाइम नाही. आबा तुझ्या मागांवर उभे राहतात. तुझी बदली म्हणून. तू धनत्रयोदशीला पाळी अर्धी टाकून, माग चालू ठेवून निघून गेलास, त्याच दिवशी मास्तर तुझे माग दुसऱ्याला देणार होते. आबांनी सांगितलं, पोरगा गावी गेला आहे, येईपर्यंत मी त्याची बदली. गावी गेलेल्या माणसाची बदली उभी असेल तोवर त्याचे माग कुणाला देत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. स्वतःची पाळी झाली की निम्मी पाळी तुझी. उरलेल्या निम्म्या वेळेला मास्तर कुणीतरी तात्पुरता उभा करतात. इतके महिने असं चाललं आहे. बोट गेलं तेही तुझ्याच मागावर.

निंबाकाकांना माहीत होतं. मायला माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी तुला कळवेन याची त्यांना भीती होती. आबांचं म्हणणं, त्याला ओढून आणायचं नाही, त्याची जागा ठेवायची, मग तो आपोआप येतो.

तू पाकीट का पाठवलंस? मी रागाने विचारत नाही. माझ्या पत्राला तुझ्याकडे दुसरं उत्तर नसेल. पण इथे त्याचा अर्थ असा झाला. मला एक ओळ लिहून पाठव. येणार असशील तर तसं, नसशील तर तसं. कुठल्याही भाषेत लिही, मी आबांना वाचून दाखवेन, एक अक्षर बदलणार नाही.

योगिता


नवागाम, सुरत
१६ एप्रिल २०२५

भाऊ,

तुझी ओळ आलेली नाही. पोस्टमन मला आता लांबूनच मान हलवून दाखवतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीस तारखेला आहे. खात्यातली निम्मी माणसं गावी जायला निघाली आहेत. निंबाकाका अठ्ठावीसला सहकुटुंब जातात. त्यांच्या सोनालीचं या आखाजीला पहिलं माहेरपण. मास्तरांनी आबांना विचारलं, निंबाच्या मागांनाही बघशील का, तो येईपर्यंत. आबा हो म्हणाले. मी का म्हणून विचारलं तर म्हणाले, तोवर योगराज आलेला असेल, आम्ही दोघं आहोत ना.

मायने तुझी चादर धुऊन वाळत घातली आहे.

सोमवारी दुपारी आबा पायऱ्या चढून आले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी ग्लास घेतला नाही. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. रंग पिवळा पडला होता आणि गळ्यातली माळ बनियनवर थडथड हलत होती. माय पाठ चोळत राहिली, मी रिक्षा आणायला धावले. रिक्षा आणेपर्यंत ते खाटेवर बसले होते आणि चिडले होते. "जिना चढीसन दम लागस माणूसले. रिक्षा कसाले?" रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. आबांनी खिडकीतून त्याला जा म्हणून खुणावलं. संध्याकाळी डबा भरताना त्यांनी स्वतः फ्रीज उघडला आणि बाटली काढून घेतली.

ती मी भरलेली होती. पहिलं पाणी. तू पाठवलेल्या काळ्या बियांचं. तीही चूक माझी की तुझी, हे मी आता ठरवत बसत नाही.

मी काय करणार आहे ते तुला आधी सांगते. नंतर तू म्हणू नयेस की मला विचारलं नाही.

डबा रिकामा ठेवीन. रात्री काहीही भिजवणार नाही. आबा विचारतील, तेव्हा मिक्सर बिघडला असं म्हणणार नाही. म्हणेन, मी केली नाही. ते रागावतील. कदाचित तसेच जातील आणि रात्र तशीच काढतील, म्हणून निंबाकाकांना सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, "पोरी, रातभर मी त्याले बोलतं ठेवसू, तू सकाळले ये."

सकाळी पाळी बदलते तेव्हा मी खात्यात जाणार आहे. आबा तुझ्या मागांकडे वळायच्या आत. मी आजवर दारापर्यंतच गेले आहे, डबा द्यायला. आत बाईमाणूस कुणी नसतं आणि मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, ओरडावं लागतं. मी ओरडून काय बोलायचं ते रोज मोरीत नळ सोडून म्हणून बघते.

तू येणार नाहीस, असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेली गोष्ट मी सांगणार नाही. मी मास्तरांना एवढंच म्हणेन, "योगराजचे माग दुसऱ्याला द्या. त्याची बदली आजपासून बंद." सगळ्यांसमोर म्हणेन, म्हणजे आबांना नंतर मास्तरांच्या कानात काही सांगून ते फिरवता येणार नाही. मग त्यांना समोरच्या खोलीत छातीची पट्टी काढायला नेईन, आले तर.

त्यांच्या दृष्टीने मी त्या दिवशी तुला घरातून दुसऱ्यांदा घालवलेलं असेल. पहिल्यांदा तू स्वतः गेलास, त्याचं खापर ते कुणावर फोडत नव्हते. आता फोडतील. माझ्याशी किती दिवस बोलणार नाहीत, माहीत नाही. कदाचित मायही बोलणार नाही. ती चादर कुणीतरी घडी घालून पेटीत ठेवावी लागेल, ती मी ठेवीन.

तू त्याच्या आत आलास तर सरळ खात्यावर ये, घरी नको. मागांपाशी तूच उभा राहा आणि काय ते तूच सांग. "मी आलो" किंवा "मला नकोत". दोन्हींतलं काहीही चालेल. फक्त त्यांच्यासमोर सांग. ओळ आली तर ती हातात घेऊन जाईन. काही आलं नाही तरी जाईन.

शुक्रवारी रात्री कॉफी भिजणार नाही, शनिवारी संध्याकाळी बाटली भरणार नाही. रविवारी, २७ एप्रिलला, सकाळी सातला, मी खात्यात आहे.

योगिता